पाणी कुठे मोजायचे?

ठिबक चांगले की पाट, असा प्रश्न निघाला की उत्तर तयारच असते. कृषी पदविकेच्या पुस्तकात ते छापलेले आहे, कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आहे, अनुदानाच्या जाहिरातीतही आहे. मोकाट पाण्याची कार्यक्षमता ४० ते ५० टक्के, तुषारची ७० ते ७५, ठिबकची ९०. तीन आकडे सांगितले की वाद संपतो. हे आकडे खरे आहेत. पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहेत, तो महाराष्ट्राचा मुख्य प्रश्न नव्हे, असे माझे म्हणणे आहे. सिंचनाच्या पद्धतींची तुलना करताना पाणी कुठे उभे राहून मोजले आणि मग ते कशाने भागले, यावर निकाल बदलतो. शिवाय एखादे माप एकदा रूढ झाले की पद्धतच हळूहळू त्या मापाप्रमाणे वळते. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या कालव्यांचे, विहिरींचे आणि आता ठिबकचे हेच झाले आहे.

आधी त्या ९० टक्क्यांचा अर्थ लावू. पंपातून किंवा चारीच्या दारातून जेवढे पाणी रानात आले, त्यातले पिकाच्या मुळांपाशी किती राहिले, याचे ते प्रमाण आहे. सरीत पाणी सोडले की त्यातले काही उघड्या मातीवरून वाफ होऊन जाते, काही मुळांच्या खाली झिरपते, काही बांधाबाहेर निघून जाते. वाफ झालेले पाणी त्या खोऱ्याच्या हिशेबातून वजा झाले. झिरपलेले पाणी मात्र फक्त त्या शेतापुरते वजा होते. दख्खनच्या काळ्या कातळावर मुरमाचा थर उथळ असतो. त्यात उतरलेले बरेचसे पाणी खालच्या अंगाच्या विहिरीत निघते, ओढ्याला पाझरते, बंधाऱ्यात दिसते. कालव्याचे आवर्तन सुटले की लाभक्षेत्रातल्या विहिरींची पातळी चढते, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. तो आपले बागायतीचे नियोजन त्यावरच करतो. पुस्तक ज्याला गळती म्हणते, तिच्यावर कुणाच्या तरी भाजीचा मळा उभा असतो.

याचा अर्थ मोकाट पाणी द्यावे असा नाही. झिरपलेले पाणी पुन्हा उपसायला वीज लागते. त्याच्याबरोबर नत्र वाहून जाते. निचरा नसलेल्या भारी जमिनीत ते मुळाशी साचते आणि जमीन चिबड होते. पण हिशेब मांडताना उचललेले पाणी वेगळे आणि संपवलेले पाणी वेगळे, हा भेद सोडून चालत नाही. ठिबकने उचललेले पाणी निश्चित कमी करता येते. संपवलेले किती कमी होईल, हे पीक, ओळींतले अंतर आणि माती यांवर ठरते. डाळिंबाच्या बागेत दोन ओळींच्या मधली जमीन कोरडी राहिली तर बाष्पीभवन खरोखरच वाचते. उसाने सरी झाकून टाकल्यावर मात्र मातीवरून फारसे पाणी उडत नाही. जे उडते ते पानांतून, आणि तेवढे पाणी उसाला ठिबकनेही द्यावेच लागते. ठिबकवर पीक जोमदार आले तर पानांतून उडणारे पाणी थोडे वाढतेही.

आता वाचलेल्या पाण्याचे काय होते ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याच्या विहिरीतून हंगामात १०० माप पाणी निघते. मोकाट पद्धतीत त्यातले ५० पिकाने घेतले, १५ वाफ होऊन गेले आणि ३५ झिरपून परत जमिनीत गेले. त्याने ठिबक बसवले. पूर्वीच्याच पिकाला आता ५५-६० माप पुरते. उरलेल्या ४० मापांत तो काय करील? शेजारचे पडीक रान लागवडीखाली आणील. त्याने तेच करावे. त्याचे पोट शेतीवर आहे आणि संचासाठी कर्ज काढलेले आहे. ठिबकच्या जाहिरातीतले आश्वासनही तेच असते, तेवढ्याच पाण्यात दुप्पट क्षेत्र. विहिरीतून निघालेले पाणी १०० मापच राहिले, पण आता त्यातले ९० पिकांनी संपवले आणि परत जाणारे ३५ माप जेमतेम पाचावर आले. त्या शेताची कार्यक्षमता वाढली आणि ओढ्याखालच्या विहिरीचे ३० माप पाणी गेले. कागदावर मात्र या व्यवहाराची नोंद बचत म्हणून होते.

ही नुसती कल्पना नव्हे. क्वेंटिन ग्राफ्टन, ख्रिस पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जगभरच्या अनुभवावरून हेच मांडले: शेतातली कार्यक्षमता वाढवल्याने खोऱ्यात पाणी शिल्लक राहतेच असे नाही, पुष्कळदा उलटे घडते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सरकारी मदतीने अधिक कार्यक्षम तुषार संच आले आणि भूजलाचा उपसा वाढला. आपल्याकडे तर उपशाला आवर घालणारी किंमतही उरलेली नाही. पुष्कळ कृषिपंपांचे बिल आधी अश्वशक्तीवर ठोक आकारले जाई. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. एक तास जादा पंप चालवायला काहीच पडत नसेल, तर वाचलेले पाणी विहिरीत ठेवण्याचे कारण शेतकऱ्याजवळ कुठून येणार? आपण ठेवले तर शेजारचा बोअर ते ओढून घेईल, हेही त्याला दिसत असते.

माप पद्धतीला कसे वळवते, याचे सर्वांत मोठे उदाहरण दख्खनचे कालवे आहेत. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ यांनी हा मुलूख पिळवटून काढला. १९०१ ते ०३ च्या सिंचन आयोगाने दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात संरक्षक कालव्यांची शिफारस केली. संरक्षक म्हणजे पाऊस ओढ देईल तेव्हा ज्वारी-बाजरीला एक-दोन पाळ्या देऊन पीक हातचे जाऊ न देणारे. गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे त्या धोरणातून आले. नीरेचा डावा कालवा त्याआधीच, १८८५ मध्ये सुरू झाला होता. पण सरकारच्या वहीत प्रत्येक कालव्यासमोर एकच प्रश्न असे: गुंतवलेल्या भांडवलावर किती टक्के सुटले? त्या प्रश्नापुढे संरक्षक कालवा नापास होणारच. बऱ्या पावसाच्या वर्षी काळ्या जमिनीतल्या ज्वारीला पाणी विकत घेणारा शेतकरी नाही, आणि दुष्काळात सगळे एकदम मागायला येतात तेव्हा धरणात पाणी नाही. वर्षाचे बाराही महिने पाणी घेणारे आणि पट्टी भरणारे गिऱ्हाईक एकच निघाले, ऊस. मग उसाला पाणी देण्याची सोय झाली, १९१९ नंतर हरेगावसारखे साखर कारखाने कालव्यांवर आले, आणि दुष्काळातल्या ज्वारीसाठी खणलेले पाट उसाचे पाट झाले. हे कुणी कट करून घडवले नाही. वसुलीच्या मापाने कालवा उसाकडे नेला.

विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते तेव्हा त्यांना हा धोका दिसला होता. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत पुढे आणली. पाणी ठरावीक गटांना द्यायचे, गटातल्या एका भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात इतर पिके फिरवायची आणि ही मंजुरी काही वर्षांसाठी पक्की असायची. हेतू दुहेरी होता. पाणी अधिक गावांना पोचावे आणि कालव्याकडेची जमीन सततच्या ओलीने नासू नये. नोकरीच्या सुरुवातीला ते खानदेशात होते आणि पांझरेच्या एका पाटासाठी त्यांनी नळसायफन बांधला होता. त्याच पांझरेच्या काठी शेकडो वर्षांची फड पद्धत नांदत होती. तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

१९४८ मध्ये धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी प्रसिद्ध केली. माझ्या मते सिंचनाच्या मूल्यमापनाचा मराठी मुलखातला हा पहिला गंभीर प्रयत्न. सरकारच्या तिजोरीत किती पट्टी आली, एवढ्यावर कालव्याची परीक्षा करता येणार नाही. शेतमजुराला मिळालेले काम, बाजारातली उलाढाल, पिकांची वाढ, दुष्काळी कामांवरचा वाचलेला खर्च हे सगळे हिशेबात धरले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. अंशातली संख्या त्यांनी मोठी केली. खाली छेदात काय ठेवायचे हा प्रश्न मात्र तेव्हाही मागे राहिला आणि आजही मागेच आहे. लाभ भागिले रुपये, की लाभ भागिले हेक्टर, की लाभ भागिले पाणी? गाडगीळांच्या काळात पाणी उरत होते आणि गिऱ्हाईक कमी होते, म्हणून तो प्रश्न त्यांना टोचला नसावा. आज तो सोडून पुढे जाता येत नाही.

साधी आकडेमोड करून पाहू. एक हेक्टर सुरू उसाला पाटाने सुमारे २५० सेंटीमीटर पाणी लागते, म्हणजे २५,००० घनमीटर. रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या, प्रत्येकी ८ सेंटीमीटरच्या, म्हणजे हेक्टरी १,६०० घनमीटर. एका हेक्टर उसाच्या पाण्यात १५ हेक्टर ज्वारीला दोन-दोन पाळ्या मिळतात. उसाला ठिबक करून ४० टक्के पाणी वाचवले तरी १५,००० घनमीटर लागतातच. त्यातही नऊ हेक्टर ज्वारी भिजते. हेक्टरी उत्पन्नात ऊस केव्हाही वरचढ ठरेल. ठरलेला दर, दारात येणारा तोडणी मुकादम, पावसा-गारपिटीला तग धरणारे पीक, या कारणांनी शेतकरी तो लावतो आणि ती कारणे खोटी नाहीत. पण माप हेक्टरचे न ठेवता घनमीटरचे ठेवले आणि एका घनमीटरमागे किती कुटुंबांचे पीक हाती लागले असे विचारले, की यादीचा क्रम उलटतो. ठिबकवरचा ऊस पाटावरच्या उसाला हरवतो, पण पाटावरची, मोकाट भिजवलेली ज्वारी दोघांनाही हरवते. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असा अंदाज मांडला होता. हा आकडा समोर असताना ठिबक की पाट एवढ्यावरच चर्चा थांबवणे म्हणजे मोठा प्रश्न बाजूला सारणे आहे.

स्वातंत्र्यानंतर आपण वसुलीचे माप सोडले आणि क्षेत्राचे धरले. इतके लाख हेक्टर सिंचन क्षमता निर्माण झाली, असे प्रत्येक अर्थसंकल्पात सांगायचे. चितळे सिंचन आयोगाने १९९९ मध्ये राज्याची अंतिम सिंचन क्षमता १२६ लाख हेक्टर धरली, त्यात ८५ लाख भूपृष्ठावरच्या पाण्याने आणि ४१ लाख भूजलाने. ती पुष्कळ विचारपूर्वक काढलेली मर्यादा होती. राजकारणात मात्र ती गाठायच्या उद्दिष्टासारखी वापरली गेली. क्षमता म्हणजे धरण भरले, कालवा धड असला, सगळ्यांनी ठरलेली पीकरचना पाळली तर भिजू शकेल असे क्षेत्र. मुखाकडच्या शेतकऱ्याने ऊस लावला की शेपटाकडची क्षमता कागदावर तशीच राहते आणि रानात नाहीशी होते. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून, दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चून सिंचित क्षेत्र केवळ ०.१ टक्क्याने वाढले, असा गदारोळ उठला. त्यावर सरकारने श्वेतपत्रिका काढून वेगळे आकडे दिले. भ्रष्टाचाराचा भाग चौकशीचा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. मला त्या वादातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एका राज्यातले किती रान भिजते, याबद्दल त्याच राज्याची दोन खाती एकमत होऊ शकली नाहीत. कालव्याच्या पाझरावर चालणारी विहीर कालव्याच्या खात्यात धरायची की विहिरीच्या? एक पाळी मिळालेले शेत सिंचित म्हणायचे की नाही? ही मापेच ठरलेली नव्हती.

जलसंपदा विभागाने ती ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. या शतकाच्या पहिल्या दशकात विभाग दरवर्षी जललेखा आणि प्रकल्पांच्या तुलनेचे अहवाल काढू लागला. देशात दुसऱ्या कुठल्या राज्याने हे इतक्या तपशिलात केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एका दशलक्ष घनमीटर पाण्यात १३० हेक्टर भिजले पाहिजेत, म्हणजे हेक्टरी ७,६९२ घनमीटर, असा मोठ्या प्रकल्पांसाठीचा दंडक त्यात वापरला गेला. शिवाय देखभालीचा खर्च आणि वसुली, पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागचे उत्पन्न, आणि मुखाशी, मध्यावर, शेपटाला किती पाणी पोचले, याचेही रकाने होते. हा शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. प्रकल्पाची सरासरी चांगली दिसत असताना शेवटच्या मैलावर दहा वर्षे पाणी गेलेले नसू शकते, आणि सरासरीला ते कळत नाही.

इथे फड पद्धतीकडे येऊ. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून गावांनी पाट काढले. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत विभागलेली, बहुतेक ठिकाणी चार. एका फडात एका हंगामात एकच पीक. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात गहू-हरभरा, कुठला फड यंदा कोरडा ठेवायचा, हे गावाने मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. सगळे गावाने नेमलेले आणि गावाकडून मेहनताना घेणारे. शेतकऱ्याने स्वतः दारे धरायला जायचे नाही. फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी ओळीने फिरवायचे, धारकाचे नाव न पाहता.

शेतातल्या कार्यक्षमतेच्या मापावर फड पद्धत पास होणार नाही. मातीचे पाट, सरसकट भिजवण, पिकाच्या अवस्थेपेक्षा पाळीच्या क्रमाला महत्त्व. पण पाऊस कमी झाला की काय होते ते बघा. गाव एक फड, दोन फड बंद ठेवते. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असल्याने टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. ऊस ज्या फडात त्याच फडात. कुणी एकटा उठून ज्वारीच्या फडात ऊस लावू शकत नाही, त्यामुळे मागणी पाण्याच्या पुढे जात नाही. कालव्याच्या व्यवस्थेत आज जे काम अभियंता, पोलीस आणि न्यायालय मिळून करू शकत नाहीत, ते काम तिथे जमिनीच्या मांडणीनेच करून टाकले होते. ही पद्धत शेकडो वर्षे चालली. वरच्या अंगाला धरणे झाली, नदीकाठी इंजिने आणि मग विजेचे पंप आले, ज्याला त्याला आपल्या मर्जीचे पीक शक्य झाले, तशी ती बहुतेक ठिकाणी विस्कटली. मी तिच्यावर भाबडे प्रेम करायला सांगत नाही. तिच्यात जमीनधारकालाच वाटा होता. ज्याच्या नावावर फडात जमीन नाही, त्याला पाणी नाही.

ती उणीव विलासराव साळुंखे यांनी भरून काढली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसाला जोडला: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. छेदातली संख्या इथे प्रथमच माणूस झाली. पुढे सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपाची चळवळ याच विचारावर वाढली. हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, ऊस आणि शेतीसाठीच्या बोअरवर गावाचे बंधन घालून भूजलाच्या बाबतीत तेच केले. या प्रत्येक ठिकाणी यश आले ते आधी पाण्याची एकूण मर्यादा मान्य करून मग वाटणी ठरवल्यामुळे. नळी कोणती वापरली, हा नंतरचा विषय होता.

आणि मर्यादा मान्य झाली की ठिबकचेही गुण खरे ठरतात. नाशिक जिल्ह्यातला वाघाड प्रकल्प याची साक्ष देतो. ओझर हे त्याच्या शेपटाकडचे गाव, कालव्याचे पाणी तिथवर पोचतच नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांना पाणी वापर संस्थांत बांधले. सरकारशी करार झाला तो घनमापनाचा. इतके पाणी चारीच्या मुखाशी मोजून घ्यायचे, आत ते कुणाला, कोणत्या पिकाला, कसे द्यायचे हे संस्थेने ठरवायचे. संस्थांनी कोट्यातले काही पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या आणि विहिरींवर ठिबक चालवून द्राक्षे, भाजीपाला घेतला. कोटा बांधलेला असल्यामुळे इथे वाचवलेले पाणी कुणाचे तरी हिसकावलेले नव्हते; ते संस्थेचेच राहिले आणि शेपटापर्यंत पोचले. पुढे सगळ्या संस्थांनी एकत्र येऊन संपूर्ण प्रकल्पाच्या पाण्याचे व्यवस्थापन हाती घेतले. पाट, पाझर, विहीर आणि ठिबक या चार गोष्टी तिथे एकाच साखळीत आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करून गुण देणारी तुलना वाघाडमध्ये लावायची म्हटली, तर कुणाला किती गुण द्यायचे हेच सुचणार नाही.

ठिबकवर माझा रोष आहे असे वाटू नये. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत अतिपाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. तिथे ठिबक आणि निचरा यांना दुसरा पर्याय नाही, आणि झिरपणारे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला मिळते हे माझे वरचे म्हणणे तिथे लागू होत नाही; तिथे ते शेजाऱ्याचे रान नासवते. जळगावच्या केळीने ठिबकवर जे उत्पादन घेतले, त्यात पाण्याइतकेच श्रेय मुळाशी मोजून दिलेल्या खताला आहे. आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही. वीज पुष्कळदा रात्री येते. मोकाट पाणी द्यायचे तर माणसाला काळोखात, थंडीत, चिखलात उभे राहून दारे धरावी लागतात. विंचू-सापाचे भय असते, बिबट्याचे असते. ठिबकने हे काम पुष्कळ कमी केले. घरच्या माणसाची झोप आणि जीव यांना मापात जागा नसेल, तर ते मापच अपुरे आहे.

बंद नलिकांचे वितरण हा सध्याचा नवा उत्साह आहे. उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालून पाइप. भूसंपादन वाचते, चोरी अवघड होते, दाब मिळाल्याने पुढे ठिबक सहज जोडता येते. उपसा योजनांत, जिथे प्रत्येक घनमीटर विजेने चढवलेला असतो, तिथे मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. जुन्या प्रवाही कालव्यांवर मात्र थोडे थांबून विचार करावा. त्या लाभक्षेत्रात दोन-तीन पिढ्यांनी पाझरावर विहिरी खणल्या आहेत. पाट बंद झाला की त्या विहिरी कोरड्या पडतील, आणि त्या विहिरींवरचे शेतकरी कुठल्याही पाणी अर्जात नसल्यामुळे त्यांचे नुकसान कुठल्याही अहवालात दिसणार नाही. प्रकल्पाची कार्यक्षमता वाढल्याची नोंद मात्र होईल.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण दोन ठिकाणी मोजून. पहिले ठिकाण खोऱ्याचे तोंड: पिकांनी आणि बाष्पीभवनाने एकूण किती पाणी संपवले, आणि ते पावसाने दिलेल्या पाण्यात बसते का. दुसरे ठिकाण शेवटच्या चारीवरचे शेवटचे शेत: त्याला ठरलेल्या दिवशी ठरलेले पाणी मिळाले का. मधली सगळी मापे, शेतातली कार्यक्षमता, हेक्टरी उत्पन्न, वसुली, उपयोगी आहेत. पण या दोन टोकांशिवाय त्यांच्यावर निर्णय घेतला की काय होते ते नीरेपासून आजपर्यंत आपण पाहिले. भरवशाची तारीख मिळाली तर शेतकरी कमी पाण्याचे पीक लावायला तयार होतो. ऊस लावण्यामागे लोभापेक्षा पुष्कळदा अनिश्चिततेचा हिशेब असतो: पाळी पंधरा दिवस लांबली तर टोमॅटो मरतो, ऊस तगून राहतो. ही अनिश्चितता कोणत्याही ड्रीपरने कमी होत नाही.

कायद्याची तयारी आपल्याकडे २००५ मध्येच झाली. शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा पाणी वापर संस्थेला घनमापनाने पाणी देण्याची आणि पीक निवडण्याच्या मोकळिकीची तरतूद करतो. त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायाचे तत्त्व आणले, आणि जायकवाडीला वरून पाणी सोडण्याचे वाद त्यातून उभे राहिले. पण घनमापन करायचे तर चारीच्या मुखाशी मोजमाप यंत्र हवे, ते चालू हवे आणि त्याचा आकडा दोन्ही बाजूंना मान्य हवा. कित्येक संस्था कागदावर आहेत आणि कित्येक मोजपट्ट्या चिखलात गाडल्या गेल्या आहेत. ठिबकच्या अनुदानावर जेवढा पैसा आणि जेवढी जाहिरात खर्च होते, त्याचा छोटासा हिस्सा या यंत्रांवर आणि ती वाचणाऱ्या माणसांवर खर्च झाला, तर त्याच ठिबकचा उपयोग दुपटीने वाढेल. माझी सूचना तर आणखी पुढची आहे. ज्या लाभक्षेत्रात कोटा मोजून दिला जातो, तिथे ठिबकला अनुदान जास्त द्यावे. जिथे उपशाला कसलीच मर्यादा नाही, तिथे ते क्षेत्र वाढवण्याचे अनुदान आहे हे स्पष्ट म्हणावे आणि त्याचा हिशेब पाणी बचतीच्या नावाखाली मांडू नये.

दरवर्षी १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून हंगामाचे पाणी ठरते. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, किती आवर्तने आणि कोणत्या तारखांना, याची चर्चा होते. त्या बैठकीत मागच्या वर्षाचा एक कागद ठेवला जावा. प्रत्येक वितरिकेच्या शेवटच्या गटाला पाणी कोणत्या तारखेला द्यायचे ठरले होते, कोणत्या तारखेला पोचले, आणि किती घनमीटर. तोच कागद त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. हे आकडे गोळा करायला उपग्रह लागत नाही. पाटकऱ्याच्या आणि कालवा निरीक्षकाच्या वहीत त्यातले पुष्कळसे आजही लिहिलेले असतात.